ब्राझीलमध्ये एक्स्चेंजचं वर्ष : जेवणखाण आणि रीतभात, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीची. २०२३ चं वर्ष मी ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात, बेलो होरिझोन्ते शहरात, एका कुटुंबात राहून काढलं आणि तिथल्या शाळेत शिकले. परत आल्यापासून निघायच्या तयारीत असलेली मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आया तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिते. दोन गोष्टी आधी सांगते. ब्राझील भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे. मी सांगते ते मिनासचं. तुमचं घर समुद्रकाठी किंवा अगदी दक्षिणेला असेल तर काही उत्तरं बदलतील. दुसरं म्हणजे, परक्या गोष्टींपाशी आपण सावध असतो, त्यामुळे तिथे फारसं काही बिघडत नाही. ओळखीचं काही दिसलं की आपण निर्धास्त होतो. माझ्या सगळ्या फजित्या अशा ओळखीच्या गोष्टींपाशीच झाल्या.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहावं लागेल का?

नाही. पण एक वाक्य विमानात बसायच्या आधी पाठ करा. 'मी मांस खात नाही' एवढं पोर्तुगीजमध्ये सांगून भागत नाही. 'कार्नी' म्हणजे मांस, असं शब्दकोश सांगतो; बोलताना मात्र कार्नी म्हणजे गाय-बैलाचं मांस. पहिल्याच रात्री मी 'कार्नी नको' म्हटलं, माझ्या तिथल्या आईने समजूतदारपणे मान हलवली आणि भातावर कोंबडी वाढली. "यात कार्नी नाहीये, फ्रांगू आहे." दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात चीज सँडविच होतं, आत हॅमची चकती. ते प्रेझुंतू, तेही कार्नी नाही! तेव्हा पूर्ण यादी म्हणायची : नाँव कोमू कार्नी, नें फ्रांगू, नें पेशी, नें प्रेझुंतू. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही.

एवढं म्हटल्यावरही घेवड्याची उसळ चाखण्याआधी विचारा. तिची फोडणी पुष्कळ घरांत बेकनच्या चरबीत किंवा सॉसेजच्या तुकड्यांवर बसते. उसळ शिजल्यावर, फोडणीआधी, माझ्यासाठी दोन डाव बाजूला काढून ठेवायचे असं आमच्या घरी ठरलं आणि प्रश्न मिटला. हे न लाजता सांगा. ब्राझीलच्या आयांना मूल काय खात नाही याचं दुःख होत नाही. मूल न खाताच उठलं तर होतं.

रोज काय जेवतात?

भात आणि फेजाँव. फेजाँव म्हणजे घेवड्याची पातळसर उसळ. सोमवार असो की रविवार, गरिबाचं घर असो की डॉक्टरचं, दुपारच्या ताटात हे दोन असणारच. सोबत एखादी भाजी, कोशिंबिरीसारखं सॅलड आणि मांसाचा तुकडा. भात आधी तेलात लसूण परतून करतात, शीत न् शीत मोकळं. कुकर तिथेही असतो, पण तो आपल्यासारखी शिट्टी देत नाही, झाकणावरचं वजन नुसतं फिरत फुसफुसत राहतं. पहिला आठवडाभर मी शिट्ट्या मोजायला बसले होते.

मिनासमध्ये मिळतो तो तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा घेवडा. त्याचं नाव फेजाँव कारिओका. कारिओका म्हणजे रिओ शहरातला माणूस. आणि रिओचे लोक खातात काळा घेवडा! हे असं का, यावर जेवणाच्या टेबलावर अर्धा तास वाद होऊ शकतो. दुसरा वाद, भाताखाली फेजाँव की भातावर. यात पडू नका.

दुपारचं जेवण मोठं. शाळा सकाळी सातला सुरू होऊन बाराच्या सुमारास सुटते, मग सगळे घरी येऊन जेवतात. रात्री बऱ्याच घरांत दुपारचंच गरम करतात, नाहीतर पाव, चीज आणि कॉफीवर भागवतात.

मिनासच्या ताटातली अजून दोन नावं लक्षात ठेवा : तुतू, म्हणजे घोटलेल्या घेवड्यात कसावा नावाच्या कंदाचं पीठ घालून केलेलं घट्ट पिठलं म्हणा, आणि फेजाँव त्रोपेरू, म्हणजे कोरडा घेवडा, तेच पीठ, अंडं आणि डुकराचं मांस. त्रोपेरू म्हणजे खेचरांचे तांडे हाकणारे. त्यांच्या वाटेवरच्या शिदोरीचा हा पदार्थ आहे.

आणि फेजुआदा? काळा घेवडा आणि डुकराचे नाना तुकडे एकत्र, बरोबर संत्र्याच्या फोडी. शनिवारच्या दुपारचं जेवण, नंतर झोप अटळ. गुलामांनी मालकांनी टाकलेल्या तुकड्यांतून तो निर्माण केला, ही गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो. इतिहासकार मात्र म्हणतात की मांस आणि घेवडा एकत्र शिजवायची युरोपातली रीतही त्यामागे आहे. शाकाहाऱ्यांनी संत्र्याच्या फोडी खाव्यात.

हाताने जेवलं तर चालेल?

चालणार नाही. आणि इथे आपल्या कल्पनेच्या पलीकडे शिस्त आहे. पिझ्झा काटा-सुरीने. सँडविच, कोशिन्या (कोंबडी भरलेला, थेंबाच्या आकाराचा तळलेला पदार्थ), पावाचा तुकडासुद्धा कागदी रुमालात धरून. साध्या खानावळीतले ते रुमाल मेणचट असतात, त्यांनी काहीही पुसलं जात नाही, फक्त पसरतं. तरी धरायचं.

डाव्या हाताचा विटाळ मात्र नाही. सहा महिन्यांनी मी घरी वरण-भात केला आणि परवानगी काढून हाताने जेवले. धाकट्या भावाने लगेच काटा टाकून हात घातला. त्याच्या बोटांतून वरण कोपरापर्यंत ओघळलं आणि त्याला कळलं की यालाही सराव लागतो.

जेवण तिखट असतं का? मसाला न्यावा का?

तिखट अजिबात नसतं. मिरची मूळची अमेरिका खंडांतली, आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली, आणि आपण ती अशी उचलली की आता ती तिथल्यापेक्षा आपलीच वाटते. तिथे मालागेता नावाची छोटीशी मिरची व्हिनेगरमध्ये किंवा तेलात मुरवून बाटलीत टेबलावर ठेवतात. ज्याला हवी त्याने थेंबभर घ्यावी. मी घेतलेलं प्रमाण बघून आजी देवाचं नाव घ्यायची.

बाजारात लालभडक पूड दिसेल. ते तिखट नाही, कोलोराऊ आहे. शेंद्रीच्या बियांचा रंग, चव जवळजवळ शून्य. कोथिंबिरीसारखी जुडी दिसेल, ती घरी आणून चिराल आणि वास येणार नाही. ती सालसिन्या, म्हणजे पार्सली. खरी कोथिंबीर 'कोएंत्रू' म्हणून मागायची. ईशान्येकडे ती भरपूर वापरतात, आमच्या घरी मात्र तिचा वास कोणाला सोसायचा नाही. हळद मिळते, तिला 'मातीतलं केशर' अशा अर्थाचं नाव आहे. बेलो होरिझोन्तेच्या मेर्कादू सेंत्राल या १९२९ सालच्या मंडईत एक चक्कर मारली की आपलं बहुतेक काही सापडतं.

भाज्यांतही ओळखीचे चेहरे आहेत. कियाबू म्हणजे भेंडी. ती कोंबडीबरोबर शिजवतात, पण नुसती परतून मागितली तर आनंदाने देतात. तायोबा हे अळूच्याच कुळातलं मोठं पान, चिरून लसणावर परततात. मी त्याचं फतफतं करायचा बेत सांगितला तेव्हा चेहरे पडले. झिलो मात्र जपून : दिसतं छोट्या हिरव्या वांग्यासारखं, चवीला कारल्याचा भाऊ.

(एका आईचा प्रश्न) ती चतुर्थी करते. साबुदाणा मिळेल का?

काकू, साबुदाणा तिथलाच आहे! आपण ज्याला उपवासाचं, शुद्ध, परंपरागत वगैरे म्हणतो तो साबुदाणा भारतात टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्याच, कंदापासून करतात, आणि हा कंद मूळ दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांची जहाजं येण्याआधी हजारो वर्षं तिथले मूळ रहिवासी त्याच्यावर जगत होते. ब्राझीलमध्ये त्याला मांजिओका म्हणतात. सुपरमार्केटमध्ये 'सागू' नावाने साबुदाण्याची पाकिटं मिळतात. फक्त दक्षिणेकडे त्या सागूचं काय करतात हे आजीला सांगू नका : तांबड्या वाइनमध्ये साखर घालून शिजवतात आणि थंड करून खातात. मी त्याच सागूची खिचडी केली, दाणे आणि बटाटे होतेच. घरच्यांना ती आवडली, पण 'हे खारट कसं' हा प्रश्न काही सुटला नाही.

मांजिओका समजली की ब्राझीलचं अर्धं स्वयंपाकघर समजतं, म्हणून थोडं लांबवते. कंद उकडून किंवा तळून खातात. तळलेला बाहेरून कुरकुरीत, आत रताळ्याहून पिठूळ. कंद किसून, पिळून, भाजून जे रवाळ पीठ होतं ते फरीन्या. ते लोण्यात कांदा-लसणावर परतलं की फरोफा. पहिल्यांदा फरोफा तोंडात घातला तर वाळू खाल्ल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. चूक माझी होती, मी ती नुसती खात होते. फेजाँवच्या रसावर भुरभुरवायची असते, आपण मिसळीवर फरसाण टाकतो त्या न्यायाने. मग तिच्यावाचून घास उतरत नाही.

पिळलेल्या पाण्यात तळाशी बसतं ते सत्त्व, पोल्व्हील्यू. ईशान्येत तेच ओलसर सत्त्व तव्यावर पसरून घावनासारखं करतात. आणि हेच सत्त्व आंबवून उन्हात वाळवलं की त्याचा मिनासचा अभिमान तयार होतो : पाँव जी केझू, चीजचे छोटे पोकळ गोळे. कृती ऐकाल तर घरची वाटेल. दूध आणि तेल उकळून पोल्व्हील्यूवर ओततात, म्हणजे चक्क मोदकासारखी उकड काढतात. गार झाल्यावर अंडी आणि किसलेलं चीज घालून मळायचं, गोळे करून भट्टीत. बाहेर टणक, आत चिवट. गव्हाचा कण नाही. सकाळी, दुपारी चारला, विमानतळावर, परीक्षेआधी, पाहुणे आल्यावर, पाहुणे गेल्यावर, कधीही. अंडं असल्यामुळे उपवासाला मात्र नाही, हे काकूंसाठी.

तिथलं हातचं चीज हा वेगळाच विषय आहे. मिनासची पारंपरिक चीज बनवण्याची पद्धत युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या वारसा यादीत घेतली. मी परत येऊन वर्ष झालं होतं, तरी तिथल्या आईने आनंदाने फोन केला, जणू घरात कोणाचं लग्न ठरलं. त्या चीजच्या चकतीवर पेरूच्या जाड गोड वडीची चकती ठेवून खातात. या जोडीला 'रोमियो आणि ज्युलिएट' म्हणतात. गोव्यात पेराद खाल्ली असेल तर ती वडी ओळखाल.

चहा मिळेल का?

मिळेल, आणि लोक विचारतील, "काय होतंय तुला?" 'शा' हा शब्द आपल्या चहाचाच भाऊ, पण तो बहुतेक करून पाल्याच्या काढ्यांना लावतात, पोट बिघडल्यावर घ्यायच्या. दूध घातलेला चहा करून दाखवला तेव्हा सगळ्यांनी एकेक घोट सौजन्याने घेतला.

तिथे कॉफी. कापडी गाळणीतून गाळलेली, दुधाशिवाय, आणि पुष्कळदा थर्मासमध्ये आधीच साखर घालून ठेवलेली. 'काफेझिन्यू', म्हणजे कॉफीबाळ. कोणाकडेही जा, बँकेत, न्हाव्याकडे, मिळते. जगात सर्वांत जास्त कॉफी ब्राझील पिकवतो आणि ब्राझीलमध्ये मिनास.

आंबा, फणस, काजू तिथे आहेत म्हणतात. खरं?

खरं. आंबा आणि फणस आपल्याकडून गेले, काजू तिकडून आला. 'काजू' हा शब्दच तिथल्या तुपी भाषेतला, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेला. अननससुद्धा तिकडचाच, पण ब्राझीलमध्ये त्याला 'आबाकाशी' म्हणतात. 'जाका' म्हणजे फणस, रिओच्या जंगलात तो इतका माजलाय की वनखात्याला डोकेदुखी झाली आहे. कोकणातल्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटतं.

आता फजिती. डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळा, रस्त्याकडेला आंब्यांचा सडा. मी दूध घालून आमरस केला. मोठ्या काचेच्या भांड्यात, वेलची पूड घालून, कौतुकाने टेबलावर आणला. आजीने विचारलं, यात काय आहे? आंबा आणि दूध. ती उठून उभी राहिली. ब्राझीलमध्ये पिढ्यान्पिढ्या समजूत आहे की आंब्यावर दूध प्यायलं तर माणूस मरतो. गुलामगिरीच्या काळात, गुलामांनी महागाच्या दुधाला हात लावू नये म्हणून मळेवाल्यांनी ही भीती पसरवली, असं तिथे सांगतात. तरुण मंडळी हसतात, पण आजीसमोर पीत नाहीत. मी सगळ्यांदेखत दोन वाट्या संपवल्या. आजी रात्री दोनदा माझ्या खोलीत डोकावून गेली. सकाळी मी जिवंत दिसल्यावर म्हणाली, "तुमची पोटं वेगळी असतात."

आणि उलट टोक : ॲव्होकाडो तिथे साखर आणि दुधाबरोबर घुसळून खातात. मीठ, कांदा घालतात म्हटलं तर आजीच्या चेहऱ्यावर तेच भाव, जे आंब्याच्या वेळी होते.

पोर्तुगीज शिकायला किती अवघड?

व्याकरण अवघड, शब्द थोडे ओळखीचे. चावी, साबण, बादली, बटाटा, पाव, पगार हे सगळे शब्द त्यांच्याच बोलीतून मराठीत आलेत, त्यामुळे पहिल्या दिवशी मी फार फुशारले. मग बाजारात 'कोव्ही' मागितली. आपला कोबी त्याच शब्दावरून आला. हातात पडली गडद हिरव्या पानांची जुडी! गड्ड्याच्या कोबीला ते 'हेपोल्यू' म्हणतात. कोव्ही बारीक दोऱ्यासारखी चिरून लसणावर क्षणभर परततात. आता मला तीच जास्त आवडते. पाव मागतानाही एवढं ध्यानात ठेवा की रोजच्या छोट्या पावाला बेलो होरिझोन्तेत 'मिठाचा पाव' म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' बहुधा 'ह' होतो, हे कोणी सांगितलं नाही म्हणून मी महिनाभर रिओला रिओच म्हणत होते. ते 'हीऊ'.

भेटल्यावर गालाचं चुंबन घेतात म्हणे. मुलीला सांगावं कसं?

गालाला गाल लावून हवेत आवाज करायचा, एवढंच. ओठ लावत नाहीत. साओ पावलोत एकदा, रिओत दोनदा. मिनासमध्ये काही जण तीनदा, आणि तिसऱ्या वेळी म्हणतात, 'त्रेस प्रा कझार', म्हणजे तीन, लग्न जमावं म्हणून. मुलगे एकमेकांना हात मिळवून पाठीवर थाप मारतात. त्यात काही वावगं नाही, आणि कोणाला नकोच असेल तर आधीच हात पुढे करावा, लोक समजून घेतात.

खरी कसोटी पुढेच आहे : कोणाच्या घरी गेलात तर खोलीतल्या प्रत्येकाला असं भेटायचं. वीस माणसं असली तर वीस जणांना. निघतानाही वीस. दारातून सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला तर 'ही रागावली का?' असं विचारतात.

गावाकडच्या घरांत अजून एक रीत दिसेल. मूल घरात शिरताना किंवा झोपायला जाताना म्हणतं, 'बेंसाँव, माँय', आशीर्वाद दे आई. आई म्हणते, देव तुझं भलं करो. तिन्हीसांजेला देवाला आणि मोठ्यांना नमस्कार करायला लावणारं आमचं घर मला तिथे एकदम आठवलं. मीही म्हणायला लागले.

मोठ्यांना काय म्हणायचं?

नावाने. शिक्षकांनासुद्धा, फार तर पुढे 'प्रोफेसोरा'. वयस्कर बाईंना 'दोना' आणि नाव, पुरुषांना 'सेऊ' आणि नाव. मैत्रिणीच्या आईला 'चिया', म्हणजे मावशी-काकू जे म्हणाल ते. हे मात्र आपल्यासारखंच.

सातचं बोलावणं असेल तर कधी जायचं?

आठला. सातला गेलात तर यजमान अंघोळीत असतील. मी गेले होते. ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून मैत्रिणीच्या आईने दार उघडलं आणि मीच कोथिंबीर (म्हणजे कोएंत्रू) चिरायला बसले. वेळेवर येण्याला ते 'ब्रिटिश वेळ' म्हणतात. शाळा, डॉक्टर, बस यांना हा नियम लागू नाही, तिथे वेळेवर जा.

उठणं याहून लांब. तुम्ही निघते म्हटलं की यजमान म्हणणार, 'ता सेदू', अजून लवकरच आहे. मग एक कॉफी. मग दारात पंधरा मिनिटं. मग फाटकाशी. आपल्याकडे बायका चपला घालून उंबऱ्यात बोलत राहतात, तसंच.

'घरी ये कधीतरी' म्हणाले तर जायचं का?

दिवस आणि वेळ सांगितली असेल तर जा. नुसतं 'पासा ला एं काझा' म्हणाले असतील तर ते फक्त प्रेमाने बोलणं आहे. मी पत्ता विचारला होता. समोरची मुलगी गांगरली आणि तिने दिला, बिचारीने.

तसंच 'ओब्रिगादा'चं. (मुलींनी ओब्रिगादा, मुलांनी ओब्रिगादू, बोलणाऱ्यावर ठरतं.) अर्थ 'आभारी आहे'. पण कोणी खायला विचारलं आणि तुम्ही नुसतं ओब्रिगादा म्हणालात की तो नकार समजतात. पहिल्या आठवड्यात तीन वेळा माझ्या समोरून केक परत गेला. हवं असेल तर 'आसेतू' म्हणा, घेते. कोणी तुमच्यासमोर डबा उघडून 'सेर्व्हीदा?' विचारलं, तर तो शिष्टाचार आहे. 'ओब्रिगादा, बोम आपेतीची' म्हणायचं, आणि त्याच्या डब्यात हात घालायचा नाही. शाळेत आपल्या सवयीने मी घातला होता.

हातवारे, खाणाखुणा?

एकच, पण महत्त्वाची. 'झकास झालंय' म्हणताना आपण अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतो. तिथे ती अश्लील खूण आहे. मी ती सासूबाईंच्या, म्हणजे तिथल्या आईच्या सासूबाईंच्या, रव्याच्या केकला केली. टेबल गप्प झालं, मग भाऊ टेबलाखाली जाऊन हसला. अंगठा वर करा, सगळ्या प्रसंगांना चालतो. आपली डावी-उजवी डुलणारी होकाराची मानही तिथे कोणाला कळत नाही.

अंघोळ, संडास वगैरे?

अंघोळ दोनदा, उन्हाळ्यात तीनदासुद्धा. सकाळी एकदाच करणारी मुलगी अस्वच्छ ठरते. शॉवरच्या तोंडातच विजेचा हीटर असतो, वायरी उघड दिसतात. पाणी चालू असताना त्याचं बटण फिरवू नका. संडासात वापरलेला कागद शेजारच्या डबीत टाकायचा, भांड्यात नाही. पाण्याचा छोटा फवारा काही घरांत असतो, सगळीकडे नाही. जेवल्यावर दात घासतात, शाळेत, ऑफिसातसुद्धा. ब्रश पिशवीत ठेवा.

गाईचा विषय निघतो का?

रोज. 'तुम्ही गाईची पूजा करता ना?' आणि २००९ च्या एका गाजलेल्या टीव्ही मालिकेमुळे मोठी माणसं तुम्हाला बघून 'अरे बाबा!' म्हणतात. एवढंच भारतीय त्यांना येतं, आणि ते बरोबर येतं.

पण गंमत अशी की त्यांच्या गाई आपल्याच आहेत. पाठीवर वशिंड असलेली पांढरी जनावरं माळावर दिसतील, ती नेलोर. आंध्रातल्या नेल्लोरवरून नाव, मूळ ओंगोल जात. गीर तर नावासकट तिथे आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकापर्यंत ही गुरं भारतातून नेली. उष्णता आणि गोचिडी सोसतात म्हणून ती टिकली. मिनासमधलं उबेराबा हे त्यांचं केंद्र, तिथे दर वर्षी मोठं प्रदर्शन भरतं. मी गेले होते. एका शेतकऱ्याने मी भारतीय आहे कळल्यावर आपली गीर गाय अशी दाखवली जशी एखाद्याला त्याच्या माहेरची माणसं दाखवावीत. मी तिच्या कपाळाला हात लावला. त्याच मैदानावर पलीकडे तिच्याच नात्यातलं मांस भाजत होतं, हेही खरं. दोन्ही एकाच नजरेत मावत नाही, पण तिथे राहायचं तर मावून घ्यावं लागतं.

शुहास्कोला शाकाहाऱ्याने काय करावं?

शुहास्को म्हणजे रविवारची निखाऱ्यावरची मांसाची मैफल, चार-पाच तास. जाच. लसणाचा पाव, काडीवर भाजलेलं केझू क्वाल्यू (पनीरसारखं, पण करकरीत), व्हिनाग्रेची (टोमॅटो-कांद्याची आंबट कोशिंबीर), फरोफा, भात आणि दालचिनी लावून भाजलेला अननस. माझं पोट कायम बाकीच्यांच्या आधी भरायचं. बाहेर जेवायचं तर 'पोर कीलू' खानावळ उत्तम : हवं ते वाढून घ्या, ताट वजनकाट्यावर ठेवा, तेवढे पैसे. आपल्या थाळीच्या सवयीने डोंगर रचू नका. पातळ फेजाँव काट्यावर फार भरतं.

वाढदिवस आणि सण?

केक कापताना टाळ्या, मग 'हिचं लग्न कोणाशी होणार' असं चिडवणारं गाणं, आणि पहिला तुकडा सर्वांत लाडक्या माणसाला. कोणाला द्यायचा यावरून घरात खरोखर रुसवे होतात. टेबलावर ब्रिगादेरू असतात, आटवलेलं गोड दूध, कोको आणि लोण्याचे लाडू. १९४५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उभे असलेले ब्रिगेडियर एदुआर्दू गोमिस यांच्यावरून ते नाव पडलं म्हणतात. ब्रिगेडियर हरले. गाणं होईपर्यंत लाडवाला हात लावायचा नाही. आणि मोठ्यांचा वाढदिवस खानावळीत असेल तर आपापले पैसे आपण द्यायचे. बोलावणारा पार्टी देत नाही.

जून चुकवू नका. सेंट जॉनच्या नावाने शेकोट्या, ठिगळाचे शर्ट, गवती टोप्या, समूहनाच. आणि खाऊची टपरी बघून मी हरखले : हापादुरा म्हणजे सरळ गुळाची ढेप, पे जी मोलेकी ('पोराचा पाय') म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, कांझिका म्हणजे पांढऱ्या मक्याची दुधातली खीर, वर दालचिनी. जत्रेत उसाचा रसही होता. फक्त आलं-लिंबू नाही. चिक्की हातात घेऊन मी घरी व्हिडिओ कॉल केला तर बाबा म्हणाले, "लोणावळ्याला कधी गेलीस?"

दारू?

अठराच्या आत कायद्याने नाही. एक्स्चेंजच्या संस्थाही कडक असतात. बाकी मी काही सांगणार नाही.

त्यांच्यासाठी काय करून घालावं?

कांदाभजी. डोळे मिटून. शंकरपाळी तासाभरात संपली. बटाट्याची भाजी आवडली. पुरणपोळी मात्र जपून. आमच्या आजीला पुरण डाळीचं आहे हे कळलं आणि तिने घास तोंडातच थांबवला. "फेजाँव, गोड?" घेवडा किंवा डाळ गोड ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. तिला ॲव्होकाडोची आठवण करून दिली, तेव्हा ती हसली आणि तूप मागून घेतलं.

पाँव जी केझू इथे करता येईल का?

मी करून पाहिलं. आंबवलेलं पोल्व्हील्यू सांगलीत मिळेना, म्हणून साबुदाणा दळून आणला. चीज डब्यातलं. उकड छान निघाली, गोळे भट्टीत फुगलेही, आणि बाहेर काढल्यावर एकेक करून बसले. बाबांनी चार खाल्ले. म्हणाले, "साबुदाणा वडा चांगला झालाय, फक्त मिरची विसरलीस."